आतल्या बाजूची चीर

मी पत्र्याची परीक्षा घेणारा एक जुना पंच, म्हणजे ठोकळा आहे. गोल डोक्याचा, पोलादी, जर्मनीतल्या क्लाउस्थालच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला. पत्रा कडेने घट्ट धरतात, मी खालून दाबतो. तो वाटीसारखा फुगतो आणि शेवटी फाटतो. कुठवर ताणला तर टिकेल, ते त्यावरून ठरतं. तरुणपणी मला रोज तेलाने पुसायचे. आता कुणाला आठवणही होत नाही. जाऊ दे.

मित्रांनो, हल्ली माझ्या नशिबी फसवा पत्रा आलाय. वरखाली पोलाद, मध्ये प्लास्टिक. वर टांगलेला कॅमेरा चीर टिपतो, पण फक्त बाहेरची बाजू बघतो. आतली टेकते माझ्या डोक्याला.

त्या शुक्रवारी आतलं पोलाद चर्रकन फाटलं. बाहेरचं मात्र गुळगुळीत! मी जीव तोडून ओरडलो, "थांबा!" पण लोखंडाचं कोण ऐकतं?

इथल्या तरुण संशोधक विब्केच्या गणितातही हेच आलं होतं. "साहेब, आतला थर आधी जाईल," ती काकुळतीने म्हणाली.

तिचे साहेब हार्टमुट हसले. "पोरी, कॅमेरा खोटं बोलतो होय? ठेव ते गणित गुंडाळून. आकडा पाठव, एक वाजला की मी घरी!"

पत्रा कुठवर ताणायचा, तो कॅमेऱ्याचा आकडा तिने कारखान्याला पाठवला. तिचा भाऊ टोर्बेन तिथेच कामाला. आकडा मिळताच तिथले लोक त्याच पत्र्यातून गाडीचे दरवाजे दाबायला घेणार होते. पत्रा जेमतेम तेवढाच. तो फाटला तर कारखान्याला टाळंच.

आमच्याकडे फुगवलेली वाटी फेकत नाहीत, वाढदिवसाला तीत खारे दाणे भरतात. त्या दिवशी हार्टमुटचा वाढदिवस. निघण्याआधी त्यांनी स्वतः आणलेला आलुबुखाराचा केक मांडला आणि न बघताच त्या दिवशीच्याच वाटीत दाण्यांचा पुडा रिकामा केला.

"आई गं!" विब्केचं बोट कापलं.

"दाणे चावायला लागले का तुला?"

तिने दाणे ओतून वाटीत बघितलं. आत लांबलचक चीर. हार्टमुटचं तोंड उतरलं. "अरे देवा! फोन लाव, फोन लाव!"

फोन वाजत राहिला. शुक्रवारी एकनंतर कारखान्याच्या कचेरीत कोण असणार? आणि यंत्रांच्या धडधडाटात टोर्बेनला काय ऐकू येणार?

तिने रक्ताळलेलं बोट माझ्या डोक्यावर टेकलं. "तुला कळलं होतं ना रे? मग सांगितलं का नाहीस?" आणि कारखाना गाठायला ती गाडीकडे धावली.

मित्रांनो, वाटी भरण्याआधी एकदा आत डोकावत जा. कुणी कळवळून सांगत असेल तर घड्याळाकडे बघू नका. विब्के अजून परतलेली नाही. तिचं रक्त माझ्या डोक्यावर वाळतंय. कुणीतरी पुसा हो, मला गंज चढेल.