लाल दोरा, निळा दोरा

सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी भगत जाम्बाल ग्वाईंच्या, म्हणजे जाम्बालरावांच्या, कुंपणाबाहेर दोनेकशे माणसे उभी होती. पारा शून्याखाली तीस अंश. कोळशाच्या धुराने उलानबातरच्या उतारावरची आमची वस्ती अर्धी पुसून टाकली होती, आणि त्या करड्या पडद्यात माणसांच्या तोंडची वाफ तेवढी जिवंत दिसत होती. कुणी दूध आणले होते, कुणी व्होडका, कुणी हदग, म्हणजे मानाचे निळे रेशमी वस्त्र. सगळ्यांच्या ओठांवर गोष्ट एकच होती: पिंजऱ्यातल्या पहिलवानांच्या चार झुंजी झाल्या, चारही वेळा जाम्बाल ग्वाईंच्या अंगात आलेल्या पूर्वजाने विजेता आधीच सांगितला, आणि चारही वेळा तोच जिंकला.

"तिसऱ्या झुंजीत तर कमालच! हरता हरता गळा आवळून जिंकला. कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?" खिम्याचे हुशुर तळणारी बाई म्हणाली.

"पूर्वजाच्या होतं ना!"

"मग पूर्वजाने स्वतःच पैज का नाही लावली?" मी विचारले, पण इतक्या हळू की ते माझ्या मफलरलाच ऐकू गेले. मी शाळेत गणित शिकवतो. पंधरा मुलांपुढेही माझा आवाज कापतो.

माझी थोरली बहीण अंखमा रांगेच्या अगदी पुढे होती. चारही वेळा ज्यांचा कौल खरा ठरला अशा पाच भाग्यवंतांपैकी ती एक. तिच्या कोटात आमच्या कुंपणाच्या जागेचा कागद होता. बारा वर्षे ट्रॉलीबस चालवून तिने ती जागा मिळवली. तिथल्या एका गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, ती, तिची दोन मुले आणि मी राहतो. रस्त्यापलीकडे खरेदीदार गाडी सुरू ठेवून बसला होता. कौल मिळाला की कागद त्याला द्यायचा आणि आलेले सगळे शनिवारच्या झुंजीवर लावायचे, असे तिने ठरवले होते.

"ताई, अजून विचार कर."

"तू पोरांना पाढे शिकव. एकदा योगायोग, दोनदा योगायोग. चार वेळा?"

"चार वेळासुद्धा—"

"गप! हेल आम लागेल."

हेल आम म्हणजे लोकांच्या जिभेची बाधा. कुणी फार वाखाणले, कुणी फार बोलले, की ते बोलणेच माणसाला चिकटते आणि त्याचा घात करते. आमच्याकडे लांडग्याला जितके भीत नाहीत, तितके या बाधेला भितात. जाम्बाल ग्वाईंनी आपला सारा धंदा याच भीतीवर उभारला होता.

आत एकेकट्याने जायचे. ढोल वाजे, मग घोगऱ्या आवाजात पूर्वज बोले आणि त्यांचा मदतनीस प्युरेव त्याचा अर्थ सांगे. हा पूर्वज सातशे वर्षांपूर्वी वारलेला. पण पिंजऱ्यातली फेरी पाच मिनिटांची असते हे त्याला पाठ होते, आणि व्होडका कोणती हवी हेही. मग मेंढीच्या खांद्याचे चपटे हाड विस्तवावर धरले जाई. भेग उजवीकडे गेली की लाल कोपऱ्यातला जिंकणार, डावीकडे गेली की निळ्या. त्या रंगाचा दोरा हाडाला बांधून, ते हदगात गुंडाळून हाती देत. "कुणाला दाखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही," प्युरेव बजावी. "बोललात तर पूर्वज तोंड फिरवेल." पहिल्या खेपेला नुसते दूध चाले. कौल खरा ठरलेल्याने मात्र पुढच्या खेपेला जिंकलेल्यातला वाटा आणायचा.

मंगळवारी मी राख टाकायला घळीत गेलो होतो. आमच्यात खांद्याचे हाड कधी अखंड टाकत नाहीत; आधी त्याला भोक पाडतात, म्हणजे कुणी त्याचा वाईट उपयोग करू नये. अशी एखाद-दोन हाडे घळीत नेहमीच दिसतात. त्या दिवशी मी एकतीस मोजली. सगळी भाजलेली, सगळी भोक पाडलेली, आणि गाठ पक्की असल्याने दोरे अजून तसेच. कुठे लाल, कुठे निळा. एक हाड उलटून पाहिले, तर पाठीमागे सुरीचा बारीक चरा. एवढ्या घरांची निराशा हिमाखाली पडली होती, आणि एकाही घराने दुसऱ्याला ती सांगितली नव्हती.

आज ती हाडे पोत्यात भरून मी आणली होती.

"मास्तर, पोत्यात काय? मेंढी मेली काय?" कुणीतरी विचारले, आणि हशा पिकला. तेवढ्यात अंखमा छातीशी गाठोडे धरून बाहेर आली. आता थांबणे शक्य नव्हते. मी पोते उलटे केले. गोठलेल्या जमिनीवर हाडे खडखडत पसरली.

"पाप!" प्युरेव ओरडला. "कौलाच्या हाडांना हात लावलास?"

"भोक पाडून टाकलेली आहेत. त्यांना हात लावलेला चालतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे." मग मी गर्दीकडे वळलो. "यातलं कुणाचं कोणतं?"

कुणी हलले नाही. तीन दिवस मी या वाक्याची तयारी केली होती, आणि समोर नुसत्या खाली गेलेल्या माना होत्या. मला त्यांचा राग आला, त्याहून अधिक माझ्या बारीक आवाजाचा.

अखेर म्हातारा लुन्देग पुढे आला. आयुष्यभर त्याने बॉयलरात कोळसा लोटला होता. "ते कडेचं माझं. लाल दोरा मिळाला, निळा जिंकला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय? बायकोपाशी बोललो होतो एकदा. वाटलं, माझ्याच तोंडाने घात केला."

"अहो, मी तर कुणाशीच बोलले नव्हते!" हुशुरवाली एकदम म्हणाली. "झोपेत बरळले असेन म्हणून नवऱ्याला खोदून खोदून विचारत होते!"

मग हात वर होऊ लागले. सात, बारा, वीस.

"पहिल्या दिवशी ऐंशी जण आले, असं प्युरेवच सांगत फिरतो," मी म्हणालो. "चाळिसांना लाल दोरा दिला, चाळिसांना निळा. चाळीस हरले, ते लाजून गप्प बसले. उरलेल्या चाळिसांचे पुन्हा दोन भाग. मग वीस उरले, मग दहा, मग पाच. आत जाम्बाल ग्वाईंऐवजी बोकड बांधला असता, तरी पाच उरलेच असते."

जाम्बाल ग्वाई अंगातल्या झालरीच्या झग्यासकट बाहेर आले. "भेग काय मी पाडतो? विस्तव पाडतो!"

मी खिशातून कोरे हाड काढले, सुरीने मागे चरा ओढला आणि हुशुरवालीच्या शेगडीवर धरले. "डावीकडे जाईल." थोड्या वेळाने टक् असा आवाज झाला. भेग डावीकडे गेली.

"आता पाच भाग्यवंतांनी आजचे दोरे एकमेकांना दाखवावेत," मी म्हणालो.

अंखमाच्या आधीच कौल घेऊन आलेल्या खाटीक बाझारने शिवी हासडून आपले गाठोडे सोडले. लाल. मग अंखमाने गाठ सोडली. निळा.

"म्हणजे कोण जिंकणार ते पूर्वजालाच ठाऊक नाही!" मागून कुणीतरी म्हणाले.

"तुमच्या संशयाने पूर्वज गोंधळला!" जाम्बाल गरजले. आणि खरे सांगतो, तेवढ्यानेही तीसेक माणसे रांगेतून हलली नाहीत. एक बाई तर मला म्हणाली, "मास्तर, तुमचं गणित बरोबर असेल. पण माझी पहिलीच वेळ आहे, एकदा बघते."

अंखमा रस्ता ओलांडून गाडीपाशी गेली. "जा तुम्ही. जागा विकायची नाही." परतताना माझ्यासमोर क्षणभर थांबली. "चारचौघांत मला मूर्ख ठरवलंस. आज माझ्याशी बोलू नकोस." आणि ती आमच्याच घराच्या दिशेने चढ चढू लागली.

वाचकहो, पूर्वजांचा मान राखण्याला माझी हरकत नाही. मागणे एवढेच आहे: चमत्कार कानी आला की जमलेल्या गर्दीवर विसंबू नका, जे गर्दीत बोलत नाहीत त्यांना शोधा, त्यांचे काय झाले ते विचारा. आणि कौल चुकलेले तुम्हीच असाल, तर शरमेने ते हाड घळीत टाकू नका. शेजारच्या दारावर थाप मारा आणि सांगा. फसवणाऱ्याचा ढोल आपल्या गप्प राहण्यानेच घुमतो.