सख्खी आत्या

भिवराबाईंचं सकाळपासून बूड टेकेना. बीडच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर बसायच्या, उठायच्या, दारातून आत डोकवायच्या, पुन्हा बसायच्या. शेजारची बाई वैतागून पलीकडं सरकली.

तान्ह्या नातीची, शिवकन्याची, कावीळ हटत नव्हती हे तर झालंच. तिच्या पोटातली पित्ताची नळी जन्मापासूनच बंद आहे, आजच संभाजीनगरला नेऊन ऑपरेशन करायचं, हेही काल कळलं होतं. पण त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. ऑपरेशनच्या वेळी लिव्हरचा बारीक तुकडा काढून त्यातली जनुकं तपासायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जनुकं म्हणजे काय रे, असं त्यांनी लेकाला विचारलं. "आईबापाकडून रक्तातून येतं ते," युवराज म्हणाला. झालं! म्हातारीचं धाबं दणाणलं.

कारण सून मनिषा ही त्यांच्या सख्ख्या भावाची लेक. घरातली पोर घरातच राहील, म्हणून त्यांनीच हट्टानं करून आणलेली. गावात, चकलांब्यात, भिवराबाईंचा शब्द मोडायची कोणाची बिशाद! आता रक्तात खोट निघाली, तर सुनेच्या माहेरावर ढकलायचीही सोय नव्हती. ते माहेर त्यांचंच.

"नात्यातलं लगीन हाय का म्हून इचारलं, तर न्हाई म्हन," त्यांनी मनिषाला बजावलं.

"कावून?"

"म्हन म्हणलं ना!"

आत गेल्यावर डॉक्टर प्रियदर्शनींनी नेमका तोच प्रश्न टाकला. मनिषा लेकराला घट्ट धरून म्हणाली, "न्हाई, म्याडम." आणि लगेच सवयीनं मागं वळली, "आत्या, दुपटं द्या की."

भिवराबाईंनी डोळे वटारून दुपटं पुढं केलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र मानही वर केली नाही. त्या पाटोद्याच्याच, तिकडं झाडून सगळ्या सुना सासूला आत्या म्हणतात. आयतं निभावलं होतं. गप्प बसलं की झालं. पण आपल्या खोट्यापायी लेकराचं औषधच चुकलं तर? भिवराबाईंना राहवेना.

"सख्खी आत्या हाय मी तिची!" त्या ओरडल्याच. "खोट निघाली तर माझ्या माहेरची निघंल. पर लेकराला वाचवा."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "आजी, खोट काढायला नाही हो तपासत. या आजारात लिव्हरमधली काही जनुकं नको तेवढा जोर करतात, काही पार थंड पडतात. ती कोणती, एवढंच बघायचंय. पुढच्या लेकरांना उपयोग होईल. तुमच्या माहेराला कोण नावं ठेवतंय?"

डोक्यावरचा भारा उतरावा तसं भिवराबाईंना झालं. डोळेच भरून आले.

"पण एवढा उशीर का केला?" आता डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला, आणि रोख मनिषाकडं होता. "पांढरी शी होतेय, दिसत नव्हतं? आधी आणायला पाहिजे होतं. आता ऑपरेशन लागू पडेलच असं मी सांगू शकत नाही. आई ना तू?"

मनिषानं मान खाली घातली. "माझ्याच ध्यानात आलं न्हाई."

हे खोटं तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुपट्यात पांढरी शी दिसल्यापासून ती दवाखान्यात चला म्हणून मागं लागली होती. भिवराबाईंनी कावीळ उतरवणाऱ्याकडून मंतरलेली माळ आणून लेकराच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत वाढत पायाशी आली की कावीळ उतरली, असं सांगून सुनेला गप्प केलं. माळ आलीही पायाशी. गल्लीत साखर वाटून झाली.

"तिला नका बोलू, म्याडम." भिवराबाईंचा आवाज फाटला. "ती रडत व्हती. मीच जाऊ दिलं न्हाई. मला बोला. काय बोलायचं ते मला बोला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. तेवढ्यात खाली ॲम्ब्युलन्स लागल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं.

"निघा आधी," त्या म्हणाल्या.

मनिषा लेकराला छातीशी धरून जिन्याकडं पळाली. मागोमाग युवराज पिशव्या घेऊन. भिवराबाई पदर सावरत त्यांच्यामागं धावल्या. त्यांना बोल लावायला कोणालाच सवड नव्हती.