डावं पान

"ही वळली कुणी?"

मुकादमाने सिगार थोरलीच्या टेबलावरच्या वळायच्या पाटावर ठेवली आणि आवाज मुद्दाम बारीक ठेवला. बारीक आवाजातलं बोलणं त्या हॉलमध्ये सगळ्यात आधी ऐकू जायचं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या सुऱ्या थांबल्या. थोरलीने मान पुढे काढून सिगार न्याहाळली. तिच्या समोर बसलेल्या तिच्या धाकट्या जावेने मात्र वर पाहिलंच नाही. कालची जुडी बांधून गेल्यावर आपण काय करून बसलो हे तिच्या लक्षात आलं होतं आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. त्यांनी भांडून घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि एकमेकांची तोंडं बघणं सोडलं होतं. बायकांना ही चैन परवडणारी नव्हती, कारण त्या एकाच पानाच्या दोन अर्ध्यांवर जगत होत्या.

कंपनीने बाकी सगळ्या सिगार कधीच यंत्रावर नेल्या होत्या. हाताने वळायची ती एकच उरली होती. डब्यावर तिचं सोनेरी अक्षरांत लांबलचक नाव होतं, हॉलमध्ये मात्र तिला सगळे 'काळी' म्हणत. तिच्या पोटातला तंबाखू इतरांसारखाच होता. सगळा तोरा होता तो वरच्या पानाचा. झाडाच्या शेंड्याला ऊन खाऊन जाड झालेली तेवढीच पानं खुडायची आणि ढिगात मुरवत ठेवायची, ती पार काळी तुकतुकीत होईपर्यंत. असं पान यंत्राला पेलत नाही, फाटतं. म्हणून हा हॉल अजून उघडा होता, आणि जिचा हात काळीवरून उतरला तिला दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

पानाची मधली शीर ओढून काढली की दोन अर्धी होतात. डाव्या अर्ध्याचा वेढा एका दिशेने घालायचा, उजव्याचा बरोबर उलट्या. तरच तुकतुकीत बाजू बाहेर राहते. चुकलं की पानाची पाठ वर येते आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातावर फुगतात तशा शिरा फुगतात. एकाच माणसाने दोन्ही करायचं म्हटलं तर हात गोंधळतो, म्हणून बायका जोडीने बसत. थोरली डाव्या पानाची. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला समोर कुणीतरी उजवी हवी होती, म्हणून तिने जावेला उजवी करून टाकलं. "तुला विचारलं असतं तर तू डावीच मागितली असतीस, तुझा स्वभावच तसा," असं ती अजूनही ऐकवायची.

"थोरल्या बाई," मुकादम म्हणाला, "ही तुमच्या जुडीतली आहे. वर तुमची लाल दोरी होती. पण पान डावं आणि वेढा उजव्याचा. ही तुमची नाही."

मुकादम स्वतः एके काळी पाटावर बसलेला माणूस होता, त्याला फसवणं कठीण होतं. त्याची नजर धाकटीकडे वळली.

दुसरीच्या दोरीखाली आपला माल घातला, की त्याच दिवशी घरी, हा हॉलचा कायदा होता. धाकटीच्या घरात नवरा खाटेला खिळलेला, कमावणारी ती एकटी. पण तिला भीती तेवढ्याचीच नव्हती. 'माझी' म्हणावं तर थोरलीचा हात गेला हे हॉलभर होणार. गप्प राहावं तर शिकाऊ पोरीने करावी तशी चूक थोरलीच्या कपाळी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे बुडणार थोरलीच.

थंडीच्या सुरुवातीला तिने एकदा पाहिलं होतं. थोरली फाटलेल्या पानाचे तुकडे गुपचूप एप्रनच्या खिशात कोंबत होती, आणि कोंबणारा हात कापत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून थोरली हात पाटाखाली किंवा खिशातच ठेवायची. धाकटीनेही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. जेवणाच्या सुट्टीत थोरली पाठ टेकायला गेली, की ती डावी पानं पुढे ओढून वळायची आणि थोरलीच्या ढिगात सरकवायची. काल पाठीमागे पावलं वाजली, ती घाबरली, आणि हात आपल्या सवयीने उजवीकडे धावले.

"मुकादम, ती मी..." ती बोलायला लागली.

"माझीच आहे," थोरली म्हणाली.

"जाऊबाई!"

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलताना मधे तोंड घालायची तुझी खोड जुनीच आहे." मग मुकादमाकडे वळून, "माझीच आहे म्हटलं ना? आता काय लिहून देऊ?"

"बाई, अहो, तुमचं नाव सांगून मी पोरींना शिकवतो. असं पान तुम्ही झोपेतसुद्धा वळणार नाही."

"झोपेत नाहीच वळलं. जागेपणी वळलं. वय झालं, डावं-उजवं कळेनासं झालंय."

मुकादमाला राग आला. खोटं बोलणारी म्हणून नाही, तर इतकं वाईट खोटं बोलते म्हणून. "असं? मग एक वळून दाखवा."

पान हातात आलं की तिच्याकडून चुकीचं होणारच नाही आणि खोटं उघडं पडेल, असा त्याचा हिशेब होता.

थोरलीने खिशातून हात काढला. तो कापत होता आणि ती आता लपवत नव्हती. तिने डावं अर्धं पाटावर पसरलं, सुरीने कड कापली. कड वाकडी गेली. वरचं पान न चढवलेली सिगार तिने पानाच्या टोकाला लावली. हॉलमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की इथून वेढा कुठल्या बाजूला जातो. थोरलीने तो दुसऱ्या बाजूला नेला. शिकाऊ पोरीच्या हातून होतं तसं चुकून नव्हे, सावकाश, एकेक वेढा बोटांनी दाबत. पानाची पाठ वर येत गेली. टोकाला डिंक लावून थोरलीने ती सिगार मुकादमापुढे ठेवली.

"बघा. आता अशी होते."

मुकादमाने सिगारकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं आणि कळून काही उपयोग नव्हता.

"बाई, मग उद्यापासून..."

"नाही येणार," थोरलीने त्याचं वाक्य पुरं केलं. "घसा कशाला कोरडा करता?"

हात धुवायच्या नळापाशी धाकटीने तिला गाठलं आणि तिथेच तिला रडू कोसळलं. "का केलंत असं? माझ्या चुकीपायी तुमचं नाव घालवलंत!"

थोरली बोटांवरचा काळा डाग चोळत होती. "किती दिवस वळत होतीस?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"रोज?"

"रोज नाही हो."

हे खोटं थोरलीला कळलं. तिने नळ बंद केला.

"मला वाटायचं, सकाळचाच तेवढा हात कापतो. दुपारनंतर सुधारतो. संध्याकाळी जुडी भरलेली दिसायची ना. घरी जाऊन मी यांना सांगायचे, आजही भरली हो."

माफी मागावी तर कशाची, हेच धाकटीला कळेना.

थोरलीने एप्रन काढून खुंटीला लावला आणि खुंटीवरचा स्वेटर अंगात घातला. वरच्या बटणाशी तिची बोटं दोनदा घसरली. आजवर अशा वेळी ती पाठ फिरवून उभी राहायची. आज ती तशीच जावेसमोर आली, हनुवटी वर करून, नजर दाराकडे लावून.

"लाव," ती म्हणाली.

धाकटीने बटण धरलं, पण तिच्या हातून ते काही लवकर लागेना.