नेफासितचा घाट आणि माझी नवी ठिणगी

मी फियाट अकराशे बोलतेय, अस्मारा शहरातल्या ओगबाझगी बेकरीवाल्याची गाडी. आवाज जरा चढा लागला तर समजून घ्या. कालची शर्यत अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही!

माझा जन्म इटलीतल्या तोरिनोच्या कारखान्यातला. मसावाच्या बंदरात जहाजातून उतरले तेव्हा मी दुधाळ रंगाची, नवी कोरी होते. एका इटालियन बेकरीवाल्याने मला घेतलं. देश सोडून जाताना त्याने आपली भट्टी आणि मला, दोघींनाही आपल्या कामगाराच्या हवाली केलं. त्याचं नाव वोल्दू. वोल्दूने जन्मभर माझ्यातून पाव पोचवले. अजूनही उन्हात तापले की माझ्या मागच्या सीटला खमिराचा वास येतो.

वोल्दू गेला आणि मी त्याच्या मुलाकडे, ओगबाझगीकडे आले. त्याचा माझ्यावर फार जीव. रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी तो मला पुसतो. पण इंजिनावरच्या टोपणाखाली कुणाला हात लावू देत नाही. "आतला एकेक भाग बाबांच्या वेळचा, अस्सल कारखान्यातला आहे," असं चारचौघांत छाती फुगवून सांगतो. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. बाहेरून इतके लाड करतील, पण आत काय दुखतंय ते विचारणार नाहीत.

आणि दुखत तर होतं. पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ती वेळेवर पडावी म्हणून माझ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन इवलेसे पॉइंट सारखे उघडझाप करत असतात. माझे पॉइंट जळून काळे पडले होते. त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर थकला होता. ठिणगी वाटून देणाऱ्या रोटरला चीर गेली होती. सपाटीवर मी कशीबशी निभावून न्यायचे, पण चढ आला की खोकला सुरू.

ओगबाझगीच्या बायकोने, लेतेब्रहानने हे केव्हाच ओळखलं होतं. ती आता पोस्टात शिक्के मारते, पण स्वातंत्र्याच्या लढ्यात ती डोंगरातल्या गुहेत ट्रक दुरुस्त करायची. तिच्या बहिणीने बोलोन्याहून येताना माझ्यासाठी या सगळ्या भागांचा नवा संच आणला होता. ओगबाझगीने तो हातात घेतला, कौतुकाने फिरवून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. चांगल्या दिवसासाठी म्हणे!

तो दिवस उगवायची वेळ आली ती त्यांच्या मुलीमुळे. रिगात सायकलपटू. गिंदा गावापासून घाट चढून अस्मारापर्यंत मुलींची शर्यत होती. पहिल्या तिघींना किगालीच्या मोठ्या शर्यतीला जाणाऱ्या संघात जागा. मोठ्या क्लबांच्या मागे जादा चाकं घेऊन नव्या जीप धावणार होत्या. रिगातच्या गल्लीतल्या क्लबकडे होते मी. आदल्या संध्याकाळी ओगबाझगी माझ्या टपावर चाकं बांधत होता, तेव्हा लेतेब्रहान कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"उद्याच्याहून चांगला दिवस कुठला येणार आहे रे? काढ तो संच."

"चालतेय ना गाडी? चालत्या गाडीला कशाला डिवचायचं?"

"चालत नाही, खोकते. मला ऐकू येतं."

"पेट्रोल खराब आलंय सध्या."

"दर वेळी पेट्रोलच खराब. तू कधीच नाहीस!"

रिगात सायकलची साखळी पुसत होती. ती हसली. "चालू द्या तुमचं. उद्या घाट मलाच चढायचाय."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, तूच खरी! पण गाडीचं कोण ऐकतं?

काल सकाळी शर्यत सुटली. काय तो थाट! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, बायका जिभा हलवून इल-इल-इल करतायत, पोरं माझ्या बरोबरीने पळतायत. नेफासित गाव मागे पडलं तेव्हा रिगात आणि आणखी एक मुलगी अशा दोघीच सगळ्यांच्या पुढे होत्या. शेजारी लेतेब्रहानला बसवून मला चालवणारा ओगबाझगी खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "रिगात! श्वास सांभाळ, श्वास!"

आणि उभ्या चढावर माझाच श्वास गेला. एक झटका, दुसरा झटका, आणि मी बंद.

मागच्या जीप भोंगे वाजवत निघून गेल्या. ओगबाझगी किल्ली फिरवत राहिला, फिरवत राहिला. शेवटी त्याने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. "तिचं चाक फुटलं तर, लेते? तिच्या मागे कोणीच नाही."

लेतेब्रहान तोवर खाली उतरली होती. पांढरी शाल तिने कंबरेला खोचली आणि पर्समधून कागदी पुडकं काढलं. कपाटातला संच!

"तू... तू विचारलंही नाहीस?"

"विचारलं होतं. पेट्रोल खराब आहे म्हणालास. चाकांना दगड लाव आता."

तिने डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. तिची बोटं आत शिरली आणि मला गुदगुल्याच झाल्या. रोटर निघाला, पॉइंट निघाले. मग कंडेन्सर हातात घेऊन ती थांबली आणि खो खो हसत सुटली.

"ओगबाझगी, हा बघ तुझा अस्सल कारखान्यातला! अरे, हा ट्रकचा आहे. असले मी गुहेत शेकड्यांनी बसवलेत."

"काहीतरीच! बाबांनी कधी..."

"बाबांनीच बसवला. त्यांना गाडी चालवून पाव पोचवायचे होते."

खरं होतं ते. वोल्दूने माझे पॉइंट किती वेळा बदलले याची गणतीच नाही! ओगबाझगीलाही हसू फुटलं. हसताना डोळे पाणावले. "कर बाई, तुला हवं ते कर. लवकर कर!"

नवे पॉइंट बसले, पण त्यांच्यामधली फट नेमकी हवी. मापाची पट्टी घरी राहिलेली. तिने काचेवर लावलेल्या शर्यतीच्या पासाचा कोपरा टरकन फाडला.

"अगं, पास आहे तो!"

"आता माप आहे. वरच्या गिअरमध्ये टाक आणि किंचित ढकल, पॉइंट पुरते उघडू देत. आणखी. बस!"

कार्डाचा तुकडा फटीत अलगद सरकवून तिने स्क्रू आवळला. नवा कंडेन्सर, नवा रोटर, झाकण. किल्ली फिरली.

काय सांगू तुम्हाला! चारही सिलिंडरांत ठिणगी अशी लख्ख पडली, की मी जहाजातून उतरले त्या दिवसाची झाले. ओगबाझगी स्टीअरिंगमागून उतरला. "तूच चालव," म्हणत तो एक चाक मांडीवर घेऊन शेजारी बसला. लेतेब्रहानने मला जी दामटली! वळणावरची माकडं कठड्यावर उड्या मारून पळाली. मी एकदाही खोकले नाही.

अर्बारोबा गावाच्या वर रिगात दिसली. मागचं चाक बसलेलं, सायकल हाताने ढकलत ती चालत होती. सोबतची ती मुलगी धरून सहाजणी तिच्या पुढे निघून गेल्या होत्या.

"कुठे होता तुम्ही?" ती रडवेली होऊन ओरडली.

"नंतर भांड!" लेतेब्रहान म्हणाली. ओगबाझगीने चाक बदललं, तिला पाठीवर हात देऊन ढकललं आणि तसाच चार पावलं धावला. "जा पोरी! अजून घाट शिल्लक आहे!"

ती गेली. धुक्यात एकेक पाठ दिसायची आणि रिगात तिला गाठायची. एक, दोन, तीन. तिसऱ्या जागेसाठी अजून एकीला गाठायचं होतं. मी मागे घुमत होते आणि आत दोघं आवाज बसेपर्यंत ओरडत होती.

शेवटच्या पट्ट्यात संघाच्या गाड्यांना बाजूच्या गल्लीत वळवतात. त्यामुळे शेवट आम्हाला दिसलाच नाही. फक्त निकाल सांगणारा कर्णा ऐकू येत होता. पहिलीचं नाव आलं. दुसरीचं आलं. मग कर्णा खरखरला आणि बंद पडला. लेतेब्रहानने माझं स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं, की मला तिच्या नाडीचे ठोके कळले. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी बायकांचा इल-इल-इल उसळला आणि त्यांच्यामधून आपल्या ओळखीचं नाव आलं, "रिगात! रिगात!"

तिसरी! अर्ध्या चाकाने, पण तिसरी!

आज मी बेकरीसमोर उभी आहे. टोपण उघडं टाकून ओगबाझगी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतोय, "बघा, सगळं नवं!" गाडीला जपणं म्हणजे तिला हात न लावणं नव्हे, हे त्याला कळलं एकदाचं. तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी जुनं असेल, तर नुसतं पुसू नका. झाकण उघडून विचारा त्याला, बाबा रे, कुठे दुखतंय?

पण आता मला थांबता येणार नाही. रिगात मागे बसलीय, उन्हाने नाक सोललेलं, केस विंचरलेले. किगालीच्या कागदपत्रांसाठी तिचा फोटो काढायचाय आणि दुकान दुपारी बंद होतं. लेतेब्रहानने किल्लीला हात घातलाय. ऐका हं, पहिल्याच फेरीत सुरू होते की नाही!

झाले! सरका बाजूला!