एक छातीला, एक पायाला

मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे बरं का, मित्रांनो! खिळ्यांशी माझा जन्मात संबंध आला नाही. मी झाडांवर ठसा उमटवणारा हातोडा. माझ्या तोंडावर पळसाची तीन पानं उलटी कोरलेली आहेत. मी खोडावर बसलो की ती सुलटी उमटतात. एवढंच माझं काम. पण या कामावर बारवी धरणाच्या वरच्या अंगाचा अख्खा डोंगर हिरवा राहिला आहे, हे मी बढाईचा दोष पत्करून सांगतो.

माझा जन्म अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. राजरत्न नावाचा टर्नर तिथे कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्याने एका मोडक्या ट्रकच्या अ‍ॅक्सलचा तुकडा कापला, तापवला, घासला आणि महिनाभर खपून माझ्यावर ती पानं कोरली. सोबती चिडवायचे, "काय रे, लग्नाचा दागिना घडवतोस काय?" तो हसायचा आणि पुन्हा छिन्नी उचलायचा. मी आज जो काही आहे तो त्याच्या उपाशी दुपारींमुळे आहे. हे ऋण मी विसरणार नाही.

राजरत्नला माझी गरज का पडली, तेही सांगतो. त्याच्या आजोबांनी घेतलेला रानाचा एक तुकडा आमच्या डोंगरावर आहे. तसे तेवीस जणांचे तेवीस तुकडे. रान सरकारी नाही, ज्याच्या त्याच्या मालकीचं. पूर्वी घरात लग्न निघालं की मालक ठेकेदाराला बोलवायचा आणि ठेकेदार सरसकट सगळं रान झोपवून जायचा. एकाचा तुकडा बोडका झाला की शेजारच्याचा झरा आटायचा. शेवटी तेवीस मालकांनी एकत्र येऊन संघ काढला. कुठलं झाड काढायचं, कुठलं बियांसाठी राखायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. परवानगी घेऊन, दाटी झालेली, वाकडी, किडकी झाडं तेवढी काढायची आणि लाकूड एकत्रच विकायचं. ज्या झाडावर ठसा नाही, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. लावली, तर तो मालक पाच वर्षं संघाबाहेर. चिन्ह कुठलं घ्यायचं म्हणून चर्चा झाली, तेव्हा शंकरराव म्हणाले, "पळसाला पानं तीनच. कुठेही जा, सगळ्यांना नियम एकच." झालं, माझ्या तोंडावर पळस आला.

शंकरराव म्हणजे संघाचे सगळ्यात वडीलधारे मालक. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्याच हातात. माझा दांडा याच रानातल्या धामणीच्या लाकडाचा, लवचीक आणि चिवट. त्यांच्या तळव्याने तो असा गुळगुळीत झाला आहे की दुसऱ्याच्या हातात मला परक्यासारखं वाटतं.

ठसा मारायची आमची रीत नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. कोयत्याने सालीचा तळहाताएवढा तुकडा सोलायचा आणि तिथे ठोका द्यायचा. एक ठोका माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक अगदी पायाशी. छातीचा ठसा ओंडक्याबरोबर उल्हासनगरच्या वखारीत जातो. पायाचा ठसा झाड कापल्यावरही बुडख्यावर राहतो. चैत्रात सगळे मालक रानात फिरतात आणि बुडखे तपासतात. पायाचा ठसा बसला की शंकरराव आकडा ओरडायचे आणि मगच संघाची चिटणीस वृंदा वहीत नोंद करायची.

किती सुखाची वर्षं गेली! काढलेल्या झाडाजागी ऊन आलं, उन्हात रोपं उठली, आटलेले झरे शिमग्यापर्यंत वाहू लागले. लोक म्हणायचे, "हातोड्याचा गुण!" मीही फुगायचो. खरं तर गुण त्या माणसांचा होता. हाताशी आलेलं झाड न तोडता उभं ठेवायला छातीत दम लागतो.

आणि मग गेल्या दिवाळीनंतरचा तो दिवस आला. आम्ही सुकऱ्याच्या तुकड्यात होतो. सुकऱ्या आणि त्याची बायको सरू हे वाडीतलं कष्टाळू जोडपं. त्या दिवशी सगळे साग ठसवून झाले होते. शेवटी राहिलं एक कललेलं ऐनाचं झाड, मगरीच्या पाठीसारख्या सालीचं. शंकररावांनी त्याच्या छातीला ठोका दिला. पण त्यांचे गुडघे दिवसभराच्या उठाबशांनी बोलायला लागले होते. "पायाचा चहा पिऊन मारतो," ते म्हणाले. वृंदाने थर्मास उघडला, गप्पा रंगल्या, ऊन उतरलं आणि मला पिशवीत घालून सगळे घरी गेले. मी पिशवीतून ओरडत होतो, अहो, एक राहिला! पण लोखंडाचं ऐकतो कोण?

माघात तोड झाली. सुकऱ्याने छातीवरचा ठसा बघितला आणि ऐन पाडला. पायाशी गवत होतं, ते बाजूला करून बघायचं त्यालाही सुचलं नाही. चैत्रात तपासणी निघाली आणि शंकरराव त्या बुडख्यापाशी थबकले. ठसा नाही. वहीत नोंदही नाही. त्या सालात ऐन तोडायचं ठरलंच नव्हतं, असं वही सांगत होती.

"सुकऱ्या, हे काय?"

"दादा, छातीवर ठसा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"छातीला असता तर पायालाही असता. चाळीस वर्षं रान बघतोय मी."

"मी चोर नाय, दादा."

शंकरराव पुढच्या बुडख्याकडे वळले. ते खोटं बोलत नव्हते, मित्रांनो, ते साफ विसरले होते. मी त्यांच्याच हातात होतो आणि माझा जीव तुटत होता. रविवारच्या बैठकीत सुकऱ्याला बाहेर काढायचं ठरणार होतं. बाहेर म्हणजे पुन्हा एकटा, पुन्हा ठेकेदाराच्या दारात. आणि त्याहून वाईट म्हणजे बापाने राखलेल्या रानात चोर हे नाव. सुकऱ्या दोन दिवस जेवला नाही.

सरू मात्र गप्प बसणारी नव्हती. ती शंकररावांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. "हातोडा द्या. छातीचा ठसा उल्हासनगरला गेलाय, तर तिथं जाऊन शोधते." मला न्यायचं तर दोन मालक सोबत लागतात, हा नियम. रानावर सुकऱ्याबरोबर सरूचंही नाव होतं, दुसरा मालक म्हणून राजरत्नने सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं त्याच्या स्कूटरवर निघालो.

वखारीत आमचे ओंडके परवाच आऱ्यावर चढले होते. सरूच्या डोळ्यांत पाणी आलं. वखारीचे सिंधी मालक म्हणाले, "बाई, चौकटी तयार झाल्या. वरचे छिलके उधर पडे हैं. हलवाईचा टेम्पो आलाय बघ, भट्टीसाठी नेतोय." टेम्पो अर्धा भरला होता! सरूने पदर खोचला आणि ती सरळ टेम्पोत चढली. ती सालीसकट कापलेलं एकेक फळकूट उलटून बघत होती, राजरत्न खालून घेत होता. हलवाईचा माणूस कुरकुरला, "ताई, दूध चढवायचंय!" वखारवाले त्यालाच म्हणाले, "रुक ना यार. दूध थांबेल, इनका काम नहीं रुकेगा."

सगळ्यात खाली ते फळकूट सापडलं. मगरीच्या पाठीची साल आणि मधोमध पळसाची तीन पानं. राजरत्नने मला त्यावर टेकवलं. मी माझ्याच ठशात असा बसलो की इतक्या वर्षांत कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. सरू तिथेच टेम्पोत बसून रडली. वखारवाल्यांनी फळकुटाचे पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. देव त्यांचं भलं करो.

रविवारी फळकूट बैठकीत आलं. शंकररावांनी ठशावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चहा," ते हळूच म्हणाले. "वृंदा, त्या दिवशी आपण चहा प्यायलो गं. मी पायाचा मारलाच नाही." मग ते उठून उभे राहिले. "पळसाला पानं तीनच. पाच वर्षं मला बाहेर काढा. आणि सुकऱ्या, मी तुला चोर ठरवलं रे. मला माफ कर."

सुकऱ्या म्हणाला, "मग मीपण बाहेर. गवत सारून पाय मीबी बघितला नाय."

बैठकीने दोघांनाही काढलं नाही. पावसाळाभर दोघांनी मिळून ऐनाची रोपं लावायची, ही शिक्षा ठरली. आणि रीत बदलली. आता आधी पायाला ठोका, मग छातीला. आधी वाकायचं, मग उभं राहायचं. ठोका सरू मारणार. माझा दांडा तिच्या हाताशी अजून जुळायचा आहे, पण जुळेल.

मला सरूकडे देण्याआधी शंकरराव एकदा त्या बुडख्यापाशी गेले. सुकऱ्या सोबत होता. शंकररावांनी दुखरे गुडघे जमिनीला टेकले आणि मला वर उचललं. "राहिलेला ठोका आज मारतो," ते म्हणाले. सुकऱ्याने पटकन त्यांचं मनगट धरलं.

"नको दादा. कोंब आलेत."

खरंच, बुडख्याच्या कडेला तांबूस, लुसलुशीत कोंब फुटले होते. शंकररावांनी मला खाली घेतलं. मग दोघांनी मिळून कोंबांभोवतीचं गवत उपटलं.

मित्रांनो, तुमच्याकडे रान असो की अंगणातलं एखादं झाड, त्याला हात लावण्याआधी वाकून त्याचा पाय बघा. माणसाला दोष देण्याआधीही तसंच करा. मी हजारो ठोके मारले आणि त्यांनी मला मान दिला. पण त्या दिवशी सुकऱ्याने अडवलेल्या एका ठोक्याचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत. तो ऐन आता सरूच्या गुडघ्याएवढा झाला आहे.