चॅपलची बोलणारी भिंत

मंगळवारी सकाळी सदर बाजारामागच्या जुन्या कॅथलिक कब्रस्तानात जिवंतांचीच इतकी गर्दी होती, की मेलेल्यांनी अंग चोरून पडावं. तिथल्या चॅपलच्या अर्धगोल भिंतीला कान लावला की आपलं गेलेलं माणूस बोलतं, हा श्रवणानंद महाराजांचा शोध. अट एकच: मृताचं नाव, आजार आणि घरची अडचण आधी फॉर्मवर लिहून द्यायची. आत्म्यांनाही अर्ज लागतो!

"आत्मा चूने में बसता है, माताजी. पूरा नेटवर्क है," महाराज सांगत होते.

चेरीताल मोहल्ल्यातली माझी शेजारीण विनता भिंतीच्या एका टोकाशी बसली होती. मांडीवर सहा वर्षांची स्वानंदी निपचित. पोरीला मधुमेह, इन्शुलिनवर जगणारी. थोरला वेदांग त्याच आजारानं गेला होता.

"इंजेक्शन दिलं का हिला?" मी विचारलं.

"कालपासून बंद केलं, काका. इथं भिंतीतून वेदांगच म्हणाला, आई, सुयांनीच मी गेलो."

"ऊठ, आधी दवाखान्यात चल."

"त्याला विचारल्याशिवाय नाही!" तिनं पोरीला घट्ट धरलं. "तुम्ही काहून मधे येऊन राहिले?"

मी पॉलिटेक्निकात बांधकाम शिकवायचो. कॉलऱ्यात मेलेल्या गोऱ्या शिपायांसाठी बांधलेल्या या चॅपलची मापं मीच घेतली होती. भिंत अर्धगोल, चुना घोटून गुळगुळीत केलेला. एका टोकाला कुजबुजलेलं कडेकडेनं सरकत दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. आणि कुजबुजीला स्वतःचा गळा नसतो, ती कुणाचीही वाटते.

पलीकडच्या टोकाचा काळा पडदा मी ओढला. मागे एक जाडजूड इसम, तोंडात गुटखा, हातात फॉर्मांचा गठ्ठा.

लोक खवळले. विनता मात्र डोळे मिटून भिंतीला चिकटूनच. "तो नुसता लिहून घेत असेल. बोलतो माझा वेदांगच."

पोरीला धाप लागली होती. मी पडद्याच्याच टोकाशी भिंतीला तोंड नेलं आणि कुजबुजलो, "आई, स्वानंदीला सुई दे."

"देते रे राजा," ती रडत म्हणाली. "अजून बोल ना."

तिनं डोळे उघडले. मी तोंड हटवलं नाही. तिच्याकडे बघत पुन्हा म्हणालो, "आई."

तिनं माझे ओठ हलताना पाहिले. एवढं क्रूर मी आयुष्यात कुणाशी वागलो नाही. ती किंचाळली, आणि पोरीला उचलून दवाखान्याकडे धावत सुटली.

स्वानंदी वाचली. विनता माझं तोंड बघत नाही, आणि तिचं बरोबर आहे. महाराज सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीत, मंतरलेलं पाणी देतात, रांग मोठी असते. त्या रांगेत तुम्ही असाल तर हात जोडून सांगतो: मेलेल्यांचं काय ऐकायचं ते ऐका, पण जिवंत लेकराचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.