मोयोंच्या घरची अर्धी काठवट

मी एक जुनी काठवट आहे. नाही, चुकलं. मी एका जुन्या काठवटीचा अर्धा तुकडा आहे. त्यामुळे, मित्रांनो, माझी गोष्टही मध्येच तुटेल. तुटली की समजा, तिथे दुसऱ्या तुकड्याने बोलायचं होतं.

मरूलाच्या खोडातून मला म्बाकोने कोरलं, त्याच्या नव्या नवरीसाठी, चिलालूसाठी. शेजारणी मला उलटून-पालटून बघत. एकजण म्हणाली, "बाई बाई, काय ही गुळगुळीत! बायकोपेक्षा हिचेच लाड जास्त केलेले दिसतात." चिलालूने मलाच तोंडापुढे धरलं आणि ती माझ्याआड हसली. तिच्या हसण्याची ऊब मला अजून आठवते.

माझ्यावर ज्वारीचे घट्ट गोळे आले, वाळवलेल्या अळ्या आल्या, सणाला बैलाचं मांस आलं. हृदय मात्र कधी आलं नाही. म्बाकोचं घराणं कलांगा लोकांतलं आणि मोयो, म्हणजे हृदय, हे त्यांचं देवक. बैल कापला की हृदय वेगळं पानावर काढायचं आणि परक्या देवकाच्या पाहुण्यांना, सुनांना द्यायचं. चिलालूचं देवक वानर, ती ते चवीने खाई. मुलं बापाच्या देवकाची. पण बापाने लग्नात मुलीच्या माहेरी देज म्हणून गुरं दिलेली असली तरच. गुरं दिली नसतील तर मूल आईच्या देवकाचं. हा नियम लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी चीर त्याच्यामुळेच पडली.

म्बाको दूरच्या खाणीत कामाला गेला आणि तिथेच गाडला गेला. मागे राहिली चिलालू, त्यांची चिमुरडी लुंबी आणि म्बाकोचा बाप हबांगाना.

कुळाची सगळी हकीकत हबांगानाला पाठ. संध्याकाळी लुंबी माझ्या कडेवर बोटांनी ठेका धरी आणि तो सांगू लागे. आपण मोठी नदी ओलांडून आलो. टेकड्यांवर दगडावर दगड रचला, मातीचा कण न घालता. त्या भिंती अजून उभ्या आहेत. आत आपले राजे बसत. मग एका राजाच्या मयताला कापलेल्या बैलाचं हृदय कोणाचं, यावरून दोन भावांनी भाले उचलले. धाकटा मेला. थोरल्याने ते हृदय त्याच्याबरोबर पुरलं. तेव्हापासून ते आपल्याला वर्ज्य.

"आजोबा, भांडण आतड्यावरून झालं असतं, तर आपण आतडं झालो असतो?"

"गप, कार्टे! ठेका चुकला तुझा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून. रोज पहिल्यापासून.

आमच्या टेकड्यांवर तेव्हा पश्चिमेकडच्या मोठ्या राजाची सत्ता होती. नवा राजा गादीवर आला आणि त्याच्या मनात भीती बसली, की या जमिनीचे जुने धनी उद्या ती परत मागतील. मोयोंना हाकला, बाकीचे राहू द्या, असा हुकूम निघाला. त्याचा कारभारी सेरुमोला एका सकाळी स्वार घेऊन आला. त्याने आरडाओरडा केला नाही. आमच्याच गावाचा बैल कापायला लावला, हृदय भाजायला लावलं, त्याचे तुकडे माझ्यावर ठेवायला लावले. मला चिलालूच्या हातात दिलं. वाढ म्हणाला.

मित्रांनो, लाकडाला वर ठेवलेलं धरता येतं. टाकून देता येत नाही.

"या, जेवायला या," सेरुमोला म्हणाला. "खाईल तो आमचा. नाही खाणार तो नदीपलीकडे, रेताडात जाईल. पाणी नाही म्हणतात तिथे. पण राजांच्या वंशजांना पाणी कशाला लागतंय?"

स्वार खो खो हसले.

काहींनी डोळे मिटून खाल्लं. एकाला उलटी झाली, त्याला ओढून बाजूला उभा केला. हबांगानाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला भूक नाही," म्हणाला.

"शाबास म्हाताऱ्या! माझं काम हलकं केलंस."

चिलालूने तुकडा उचलला, खाल्ला, गिळला.

"तू राहशील," सेरुमोला म्हणाला. "आणि पोरगी?"

लुंबीने ओठ घट्ट मिटले. तिला शिकवलेलं होतं.

"तिला नाही आवडत, एवढंच," चिलालू म्हणाली. "ती माझ्या देवकाची आहे. वानरांची."

"आणि बापाचं काय?"

"कसला बाप? माझ्या बापाच्या गोठ्यात गुरं कोणी बांधली? शेळीसुद्धा नाही आली. तशीच राहिले मी यांच्या घरात."

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, ती खोटं का बोलतेय तेही कळलं होतं. सेरुमोलाने कंटाळून हात हलवला, जा आईकडे. लुंबीने आईकडे एक पाऊल टाकलं.

"खोटं आहे!"

हबांगाना ओरडला होता. घर जळतं तर त्याने सोसलं असतं. पण पोराचं देज बुडवलं, हे गावासमोर?

"माझ्या म्बाकोच्या लग्नाला मी स्वतः गुरं हाकत नेली! काळी गाय, तांबडा खोंड, पांढऱ्या तोंडाची कालवड! विचारा कोणालाही! आमच्या घराण्याने फुकटची सून कधी आणली नाही. सूनबाई, तोंड सांभाळा!"

"मामंजी," चिलालू हळूच म्हणाली. "मामंजी, गप्प बसा हो."

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं.

सेरुमोलाला मात्र आता मजा वाटू लागली. "मी कोणालाच खोटं पाडत नाही," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने गुरं दिली, म्हणजे पोरगी मोयोंची. ती जाईल. आणि बाई म्हणते लग्नच झालं नाही, म्हणजे ती या घरची नाही. ती राहील. माझ्या बायकोला दळायला कोणीतरी हवंच आहे."

लुंबी धावत आली. आईच्या हातात मी होते, तिने माझी दुसरी कड पकडली. दोघी सोडीनात. स्वाराने मधोमध कुऱ्हाड घातली.

माझा दुसरा तुकडा छातीशी धरून लुंबी म्हाताऱ्यामागे नदीकडे गेली. पुढे

.

.

इथे त्याने बोलायचं होतं.

मला एवढंच ठाऊक आहे, की इकडे घरं जळाली आणि मी कारभाऱ्याच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायची झाले. दळून झालं की चिलालू माझ्याजवळ बसे, माझ्या कडेवर बोटांनी ठेका धरी आणि सांगू लागे. आपण मोठी नदी ओलांडून आलो. वानरांची लेक मोयोंची हकीकत कोंबड्यांना सांगत असे. मध्येच थांबे, नदीकडे बघे. मग पुन्हा पहिल्यापासून. ती गेली तेव्हा माझी ती कड झिजून खोलगट झाली होती.

आता मी टेकडीखालच्या शाळेत फळीवर असते. तुम्ही मला हातात घेता आणि बोटांत कुसळं घुसतात, म्हणून गुरुजींनी काल कानस आणली आहे. तुटलेली बाजू घासून गुळगुळीत करणार म्हणतात.

मित्रांनो, मला तेल लावू नका. माझी धूळही पुसू नका. पण गुरुजींना थांबवा. ती बाजू घासली, तर दुसरा तुकडा आला तरी बसणार नाही.